भपक्यात काय ओतायचं? कनौजच्या अत्तरातून चंदन हटलं त्याचं प्रकरण

कनौजच्या कारखान्यात गुलाबाचं अत्तर काढताना फुलं देगेत, म्हणजे भट्टीवरच्या मोठ्या भांड्यात, जातात आणि चंदनाचं तेल भपक्यात, म्हणजे वाफ गोळा करणाऱ्या दुसऱ्या भांड्यात. फुलांतून निघालेली वाफ बांबूच्या नळीतून येऊन त्या तेलात उतरते आणि तिथेच अत्तर तयार होतं. पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चालत आलं. १९९० नंतर मात्र चंदनतेलाचा भाव कारखानदारांच्या आवाक्याबाहेर जाऊ लागला आणि एकामागून एक भपक्यांत त्याची जागा लिक्विड पॅराफिनने, काही ठिकाणी डीओपी नावाच्या द्रवाने घेतली. देग तीच, फुलं तीच, कारागीर तेच, बाटलीवरचं नावही तेच. फक्त भपक्यात आधी ओतायचा द्रव बदलला.

या बदलाकडे सहसा ‘भेसळ’ म्हणून पाहिलं जातं. मला ते अपुरं वाटतं. भेसळीत मूळ वस्तू असते आणि तिच्यात हलकी वस्तू मिसळलेली असते. इथे वस्तूचा नव्वद टक्क्यांहून मोठा भाग बदलला आहे. आकडेमोड पुढे येईलच, पण त्यासाठी आधी देगेचं काम नीट समजून घ्यावं लागेल.

देग, भपका आणि मधली नळी

कनौज उत्तर प्रदेशात गंगेच्या परिसरात आहे. सातव्या शतकात सम्राट हर्षवर्धनाची राजधानी होती ती हीच. इथला गुलाब म्हणजे दमास्क गुलाब. दिसायला फिकट गुलाबी, हार-गुच्छांच्या गुलाबासारखा देखणा नाही, पण वासाला त्याची सर दुसऱ्याला नाही. कनौजच्या आसपास आणि अलीगढ, एटा या पट्ट्यात तो पिकतो. तोडणी पहाटे. ऊन चढलं की पाकळ्यांतलं तेल उडायला लागतं, म्हणून सकाळची फुलं त्याच सकाळी देगेत जावी लागतात. गुलाबाच्या भट्ट्या त्यामुळे फुलांच्या वेळापत्रकावर पेटतात, कारखानदाराच्या सोयीवर नव्हे.

देग म्हणजे विटामातीच्या भट्टीवर पक्कं बसवलेलं तांब्याचं मोठं भांडं. त्यात फुलं आणि पाणी. वर सरपोस, म्हणजे झाकण. झाकणाची कड कापूस कालवलेल्या चिकणमातीने लिंपून बंद करतात. माती वाळते आणि कापसाचे धागे तिला तडकू देत नाहीत. सरपोसातून चोंगा निघतो. ही बांबूची नळी, तिच्यावर दोरी घट्ट गुंडाळलेली, म्हणजे वाफ वाटेत थंड होत नाही. चोंग्याचं दुसरं टोक भपक्याच्या तोंडात. भपका हेही तांब्याचंच भांडं, लांब मानेचं आणि गोल पोटाचं. ते पाण्याच्या हौदात बुडवलेलं असतं. या हौदाला इथे गच्ची म्हणतात. वाफ भपक्यात शिरते, थंड होते, पाणी होते, आणि त्या पाण्याबरोबर आलेला सुगंध आतल्या तेलात उतरतो.

या सगळ्यात तापमापक नाही, दाबमापक नाही. भट्टीत लाकडं आणि गोवऱ्या. भपक्याला हात लावून किती तापलंय ते कारागीर ओळखतो. जास्त तापला तर देगेवर ओलं फडकं टाकून वाफ थोपवतात आणि भपका बदलतात. गच्चीतलं पाणी कोमट झालं की काढून थंड पाणी घालतात. एका घाणीला, म्हणजे एका वेळच्या गाळपाला, चार ते सहा तास लागतात. त्यानंतर भपका निवू देतात. तेल पाण्यापेक्षा हलकं असल्याने वर तरंगतं आणि खालचं पाणी तळाच्या भोकातून काढून घेता येतं. हे पाणी फेकत नाहीत. त्यात गुलाबाचा बराच अंश राहिलेला असतो, म्हणून ते पुढच्या घाणीत फुलांवर पुन्हा घालतात. तेल मात्र भपक्यातच राहतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच तेलावर नव्या फुलांची वाफ येते. दहा-पंधरा दिवस, कधी त्याहूनही जास्त, हे चालतं. तेल फुलांनी पुरेसं भरलं असं मालकाला वाटलं की भपका उतरवतात. नंतर पूर्वी ते तेल उंटाच्या कातड्याच्या कुप्प्यांत ठेवत. कातड्यातून ओलावा हळूहळू बाहेर जातो आणि अत्तर मुरतं.

आता आकडेमोड. एका घाणीला ६० किलो फुलं घेतली असं धरू. दमास्क गुलाबात उडनशील तेल फार थोडं, साधारण ०.०३ टक्के, एक किलो निव्वळ गुलाबतेलासाठी तीन ते चार हजार किलो फुलं लागतात. म्हणजे एका घाणीतून सगळं तेल हाती आलं तरी ते १८ ग्रॅम. पंधरा घाणी केल्या तर २७० ग्रॅम. भपक्यात पाच किलो चंदनतेल असेल, तर तयार अत्तरात गुलाबाचा वाटा सुमारे पाच टक्के आणि उरलेले पंच्याण्णव टक्के चंदन.

फुलांचं तेल एवढं थोडं असल्यामुळेच ही पद्धत जन्माला आली. १८ ग्रॅम तेल शेकडो चौरस इंच तांब्याला चिकटून, पाण्यात विरघळून, हवेत उडून हाती किती लागणार? भपक्यात आधीच पाच किलो तेल असेल तर आलेला प्रत्येक थेंब त्यात अडकतो. तीळ फुलांच्या थरांत मुरवून मग घाण्यावर गाळायचे आणि फुलेल, म्हणजे फुलांच्या वासाचं तेल, काढायचं, ही याच विचाराची जुनी आणि सोपी तऱ्हा.

चंदनच का?

कुठलंही तेल चाललं असतं तर तिळाचं किंवा खोबऱ्याचं वापरलं गेलं असतं. ती तेलं खवट होतात. चंदनतेल वर्षानुवर्षं टिकतं, उलट जुनं झालं की अधिक गोल होतं. पण टिकाऊपणाहून मोठं कारण त्याच्या घडणीत आहे.

चंदनतेलात जवळपास अर्धा भाग अल्फा-सँटॅलॉल आणि पाचवा भाग बीटा-सँटॅलॉल असतो. हे रेणू जड आहेत, ३०० अंश सेल्सियसच्या आसपास उकळणारे, म्हणून अंगावर सावकाश उडतात. शिवाय ते रसायनशास्त्राच्या भाषेत अल्कोहोल आहेत. प्रत्येक रेणूला ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी चिकटलेली असते. ज्या रेणूंकडे अशीच जोडी आहे त्यांना ते धरून ठेवतात.

गुलाबाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं ठरतं. ताज्या फुलाचा जो मऊ, मधाळ वास येतो त्यात फिनाइल इथाइल अल्कोहोलचा मोठा वाटा असतो. द्रावकाने काढलेल्या गुलाबाच्या अर्कात ते निम्म्याहून अधिक भरतं. पण वाफेने काढलेल्या शुद्ध गुलाबतेलात ते जेमतेम काही टक्के उरतं, कारण ते पाण्यात सहज विरघळतं आणि गुलाबपाण्याबरोबर निघून जातं. देग-भपक्यात त्याची वाट अडवायला दोन गोष्टी असतात: पुन्हा पुन्हा फुलांवर फिरवलेलं तेच पाणी, आणि भपक्यातलं चंदनतेल, जे या अल्कोहोलला पाण्यातून आपल्याकडे ओढतं. म्हणून चंदनातलं जुन्या पद्धतीचं गुलाब अत्तर फुलाच्या इतकं जवळ जातं. आणि त्यात चंदनाचा स्वतःचा दुधाळ, शांत वास आहे. सहाणेवर खोड उगाळून उटी लावलेल्या कुणालाही तो सांगावा लागत नाही. गुलाब पहिल्या तासात बोलतो, मग दोघं मिळून बोलतात, आणि संध्याकाळी मनगटावर चंदन उरतं, गुलाबाची आठवण धरून.

झाड कुठे गेलं

भपक्यातल्या पाच किलो तेलाचा प्रश्न कनौजमध्ये सुटणारा नव्हता. तो दक्षिणेतल्या जंगलांत तयार झाला होता.

चंदन हे विचित्र झाड आहे. त्याची मुळं शेजारच्या झाडांच्या मुळांना जाऊन चिकटतात आणि त्यांच्याकडून पाणी व क्षार घेतात. यजमान झाड नसेल तर ते नीट वाढत नाही. तेल फक्त गाभ्यात आणि मुळांत. गाभा धरायलाच दहा-पंधरा वर्षं जातात, चांगला भरायला त्याच्या दुप्पट. मुळांत तेल सर्वांत जास्त, म्हणून चंदन तोडत नाहीत, मुळासकट उपटतात. तोडल्या जागी फुटवा यायचा प्रश्नच राहत नाही.

टिपू सुलतानाने १७९२ मध्ये चंदनाला राजवृक्ष ठरवलं. मालकी राज्याची झाली आणि ती पुढे म्हैसूर संस्थानात, मग स्वतंत्र भारतातही राज्य सरकारांकडे राहिली. पहिल्या महायुद्धात युरोपला जाणारं लाकूड अडकलं तेव्हा म्हैसूर संस्थानाने स्वतःच तेल गाळायचं ठरवलं, त्यासाठी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या रसायनतज्ज्ञांनी प्रयोग केले आणि १९१६ मध्ये सरकारी कारखाना सुरू झाला. उद्योग म्हणून ही गोष्ट अभिमानाची आहे. पण मालकीचा नियम झाडाच्या मुळावर आला. शेतकऱ्याच्या बांधावर आपोआप उगवलेलं चंदनही सरकारचं, आणि ते चोरीला गेलं तर जबाब मात्र शेतकऱ्याने द्यायचा. कोण जगवेल असं रोप? हातभर वाढलं की उपटून टाकणं हाच शहाणपणा ठरला. त्यात स्पाइक रोग, ज्यात पानं बारीक होत जाऊन झाड वाळतं. तो कुर्गमध्ये १८९९ मध्येच नोंदला गेला होता. आणि त्यात तस्करी. वीरप्पनचं नाव देशभर गाजलं ते हस्तिदंत आणि चंदनामुळेच.

विसाव्या शतकाच्या मध्याला देशात वर्षाला चार हजार टनांच्या आसपास चंदन निघत असे. शतक सरल्यावर काही वर्षांतच ते काही शे टनांवर आलं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने १९९८ मध्ये या झाडाची नोंद ‘असुरक्षित’ प्रजातींत केली. कर्नाटकाने २००१ मध्ये आणि तामिळनाडूने २००२ मध्ये कायदा बदलून जमीनमालकाला चंदनाचा मालक केलं. योग्य निर्णय, पण तीस वर्षांत वाढणाऱ्या झाडासाठी फार उशिरा घेतलेला.

कारखानदारापुढचे पर्याय

आता कनौजच्या एका मध्यम कारखानदाराच्या जागी उभं राहून पाहू. गुलाबाचा हंगाम आलाय. फुलांचे पैसे रोजच्या रोज द्यायचे आहेत. भपक्यात पाच किलो चंदनतेल ओतायचं, तर आजच्या भावाने किलोला लाखाच्या वर, म्हणजे एका भपक्यात पाच लाखांहून जास्त रुपये अडकले. असे दहा भपके चालवायचे असतील तर अर्धा कोटी. ते तेल दोन-तीन आठवडे भट्टीजवळ राहणार, त्यानंतर मुरायला महिने, आणि गिऱ्हाईक कधी येईल ते नक्की नाही. बँकेला हे तारण म्हणून समजावणंही कठीण.

दुसरीकडे लिक्विड पॅराफिन काही शे रुपयांत किलोभर मिळतं. रंग नाही, वास नाही, खराब होत नाही. आणि मुख्य म्हणजे पाण्यापेक्षा हलकं, घनता ०.८५ च्या आसपास. भपक्यात ते चंदनतेलासारखंच वर तरंगतं आणि खालचं पाणी त्याच भोकातून काढता येतं. कारखान्यातला एक खिळाही बदलावा लागत नाही. डीओपी, म्हणजे डायऑक्टाइल थॅलेट, तर चंदनतेलाशी आणखी जुळतं. त्याची घनता ०.९८, चंदनतेलाचीही जवळजवळ तेवढीच, आणि अंगही तसंच दाटसर. हा मुळात पीव्हीसी प्लास्टिक मऊ करायचा द्रव. युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांत तो वापरायला बंदी आहे, कारण तो प्रजननसंस्थेला घातक मानला जातो. ज्या वस्तूचा थेंब माणूस कानामागे आणि मनगटावर लावतो तिच्यात हा द्रव नकोच, भाव कितीही असो. पॅराफिनबद्दल माझा आक्षेप दर्जाचा आहे, डीओपीबद्दल आरोग्याचा.

तिसरा द्रव डीपीजी, डायप्रॉपिलीन ग्लायकॉल. सुगंधाच्या व्यापारात हा सर्रास चालतो आणि त्वचेला बरा. पण तो पाण्यात पूर्ण मिसळतो. भपक्यात ओतला तर वाफेच्या पाण्याबरोबर एकजीव होईल आणि वेगळा काढता येणार नाही. म्हणजे ज्या अत्तराचा बेस, वास धरून ठेवणारा मूळ द्रव, डीपीजी आहे ते त्या बेसवर भपक्यात गाळलेलं असूच शकत नाही. ते नंतर मिसळलेलं असतं. दुकानदार ‘पारंपरिक पद्धतीने देग-भपक्यात काढलेलं’ म्हणत असेल आणि बाटलीवर डीपीजी लिहिलं असेल, तर दोन्ही एकाच वेळी पूर्ण खरं नाही.

पॅराफिन भपक्यात आलं की पुढचं सगळं क्रमाने घडतं, आणि मला या प्रकरणात हाच भाग सर्वांत गंभीर वाटतो. पॅराफिनमध्ये नुसती कर्ब-हायड्रोजनची साखळी. फिनाइल इथाइल अल्कोहोलला ते फारसं ओढून घेत नाही. ते पाण्यातच राहतं. म्हणजे तेवढीच फुलं, तेवढंच सरपण, तेवढीच मेहनत, आणि अत्तरात गुलाब कमी. वास पातळ वाटला की कारखान्यात बनवलेलं फिनाइल इथाइल अल्कोहोल वरून घालायचा मोह होतो, ते स्वस्त आहे. ते घातलं की मग प्रश्न पडतो, इतकी फुलं तरी कशाला? फुलं कमी झाली की पहाटे गुलाब तोडणाऱ्या शेतकऱ्याची मागणी घटते. बेस बदलल्याने फक्त बेस बदलत नाही.

सगळ्या फुलांचं असं होत नाही, हेही सांगायला हवं. केवड्याच्या वासाचा मुख्य भार फिनाइल इथाइल मिथाइल ईथरवर असतो आणि त्या रेणूला ती ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी नाही. पॅराफिनमध्ये तो गुलाबापेक्षा बराच सुखाने राहतो. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातला केवडा त्यामुळे या बदलात तुलनेने कमी पोळला. खस, म्हणजे वाळा, आणि केवडा यांचा बेसशिवायचा ‘रूह’ही निघतो, तांब्याच्या भांड्यात गाळलेल्या रूह खसला हिरवी झाक येते ती तांब्यामुळेच. गुलाबाचा रूह निघतो, पण फुलांचं प्रमाण पाहता तो मोजक्यांसाठीच.

सर्वांत जास्त नुकसान मिट्टी अत्तराचं. भाजलेली माती देगेत घालून तिचा पहिल्या पावसाचा वास तेलात उतरवायचा, ही कनौजची खास करामत. बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९६४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात पावसाच्या वासावर निबंध लिहिला तेव्हा उत्तर प्रदेशातल्या या अत्तराची दखल घेतली होती. मातीतून निघणारं तेल फुलाच्या मानानेही नगण्य. ते धरून ठेवायला आणि त्याला अंग द्यायला चंदनच लागतं. पॅराफिनमधलं मिट्टी अत्तर सुरुवातीला ओळखीचं वाटतं आणि पाहता पाहता विरतं.

गिऱ्हाईक कोण होतं

कारखानदाराने हा रस्ता धरला त्यामागे गिऱ्हाईकही आहे. अंगाला अत्तर लावणारे कमी होत गेले तसा जर्दा, पानमसाला आणि गुटख्याचा उद्योग कनौजचा मोठा खरेदीदार झाला. त्याला गुलाब, केवडा हवा होता, पण तंबाखूवर शिंपडायला. चंदनाच्या बारकाव्यासाठी तिथे कोण पैसे मोजणार? मोठ्या मालाची, स्वस्त मालाची सवय कारखान्यांना तिथे लागली. मग बंदी आली: महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून, उत्तर प्रदेशात एप्रिल २०१३ पासून. गुटख्यावरच्या बंदीचं मी मनापासून समर्थन करते, पण ज्या गिऱ्हाइकासाठी अत्तर पातळ केलं त्यालाच धक्का बसला आणि अंगाला लावणारं जुनं गिऱ्हाईक तोवर स्प्रेकडे गेलं होतं, ही या व्यवसायाची कोंडी आहे.

२०१३-१४ मध्ये कनौजच्या अत्तराला भौगोलिक मानांकन मिळालं. नाव आणि गाव जपायला ते उपयोगी आहे. बाटलीत बेस कोणता, हे मात्र गिऱ्हाइकाला त्यावरून कळत नाही.

आता काय करता येईल

चंदन परत येतंय. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडे कनुनुरा भागात भारतीय चंदनाची मोठी लागवड १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून झाली आणि ते तेल बाजारात आहे. आपल्याकडेही कायदा बदलल्यावर शेतकऱ्यांनी, महाराष्ट्रातल्याही, चंदन लावलं आहे. कोवळ्या झाडात गाभा कमी, त्यामुळे लगेच स्वस्ताईची आशा नको. पण कनौजच्या कारखानदारांनी अशा शेतकऱ्यांशी थेट बोलणी करावीत, चंदनाच्या लिलावाची वाट पाहू नये, असं मला ठामपणे वाटतं.

पॅराफिनवर बंदी घाला असं मी म्हणणार नाही. पाचशे रुपयांत कुणाला गुलाबाचा वास हवा असेल तर त्याला तो मिळावा, आणि छोट्या कारखान्याची भट्टीही पेटती राहावी. मागणी एवढीच की बाटलीवर बेस लिहिलेला असावा: चंदन असेल तर चंदन, पॅराफिन असेल तर पॅराफिन, आणि फूल देगेतलं की वास प्रयोगशाळेतला. जो आजही पाच लाखांचं तेल भपक्यात ओततो त्याला आज शेजारच्या पॅराफिनवाल्याशी एकाच नावाखाली स्पर्धा करावी लागते. हा अन्याय एका ओळीच्या लेबलने दूर होऊ शकतो. तपासणीची सोय कनौजमध्येच आहे. केंद्र सरकारने १९९१ मध्ये तिथे सुगंध आणि स्वाद विकास केंद्र उभारलं आहे, आणि गॅस क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे द्रवातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या तपासणीच्या, आलेखात सँटॅलॉल आहे की नाही ते लपत नाही.

घेणाऱ्यासाठी एक साधी चाचणी आहे. छोट्या काचेच्या कुपीत पंच्याण्णव टक्के अल्कोहोल घ्या, त्यात अत्तराचे दोन-चार थेंब टाकून हलवा. चंदनातलं अत्तर विरघळून जातं. पॅराफिन असेल तर दुधाळ होतं किंवा थेंब वेगळे दिसतात. डीओपी मात्र या चाचणीत पकडलं जात नाही, तेही अल्कोहोलात विरघळतं. त्यासाठी नाकावर भिस्त ठेवावी लागते: अत्तर मनगटावर लावून पाच-सहा तास थांबा. गुलाब ओसरल्यावर खाली चंदन लागलं नाही, नुसता तेलकटपणा उरला, तर त्या भपक्यात चंदन नव्हतं. आणि तोळ्याचा भाव ऐकून चंदनतेलाच्या आजच्या भावाशी एकदा भागाकार करून पाहा. अत्तर त्यातल्या बेसपेक्षा स्वस्त असूच शकत नाही.